चांदणी आणि तीस इंची पडदा

हेमकांत पाटलाच्या हातांना गप्प बसणं ठाऊक नव्हतं. मोटारीचा स्टार्टर, ठिबकचा टायमर, शेजारच्यांचा मिक्सर, जे सापडेल ते तो उघडायचा, आणि उघडलेलं बहुतेक वेळा जोडूनही द्यायचा. बहुतेक वेळा. त्याची बायको प्रतिभा सगळ्या गावाला सांगत फिरायची, "ह्या माणूसले देवनी पेचकस दीसनच धाडेल शे."

त्यामुळे सुरतेहून तो अवाढव्य मॉनिटर घरात आला, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. प्रतिभाचा भाऊ छगन सुरतेत साड्यांची डिझाइनं करणाऱ्या एका हापिसात होता. तिथं सगळं सामान नवं घेतलं, जुनं अडगळीत गेलं, आणि त्या अडगळीतला तीस इंची पडदा छगनने गोधडीत गुंडाळून पाठवला. तापीकाठच्या त्या गावात एवढा मोठा पडदा कुणाच्या टेबलावर नव्हता. हेमकांतने त्यावर आपल्या केळीच्या बागेचा फोटो लावला, तर पानावरचा करपा बागेत दिसत नव्हता तो पडद्यावर दिसला.

पण पडदा आणला होता थोरल्या भावासाठी.

पितांबर पाटील एके काळी सारंगखेड्याच्या यात्रेतलं वजनदार नाव. घोडा घ्यायचा तर माणसं आधी पितांबरला सोबत न्यायची. तो घोड्याच्या कपाळावरचा केसांचा भोवरा बघायचा, दात बघायचा, दहा पावलं चालवायला लावायचा आणि मान हलवायचा. त्या मानेवर सौदे व्हायचे किंवा मोडायचे. आता त्याच माणसाच्या डोळ्यांचा पडदा झिजला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलं किती टिकेल याचा भरवसा नाही. ज्याच्याकडे बघावं त्याच्या नेमका मधोमध काळा डाग यायचा. कडा तेवढ्या दिसायच्या.

"हेमू, तुन्हा कान दिसतस," तो धाकट्या भावाला म्हणायचा, "तोंड दिसत नही. आनि खरं सांगू? काही नुकसान नही."

असा हसणारा माणूस एका संध्याकाळपासून अस्वस्थ झाला. त्याला कारण नूतनचा फोन. नूतन ही पितांबरची मुलगी, लग्न होऊन नाशिकला होती. ती मोबाइलवर घोड्यांविषयीची एक मालिका बघत होती. त्यात पंजाबकडचा एक तबेला दाखवला, आणि तबेल्यात एक काळी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका.

"बाबा, आपली चांदणी शे!" नूतन फोनमध्ये ओरडली. "मी सांगस ना, चांदणीच शे ती!"

चांदणी म्हणजे या घरातली शेवटची घोडी. ज्या वर्षी पितांबरला घोड्याच्या कपाळावरचा भोवरा दिसेनासा झाला, त्याच वर्षी त्याने तिला यात्रेत विकलं. गाभण होती तरी विकलं. घेणारा पंजाबकडचा एक सरदारजी. माणूस बरा वाटला म्हणून पितांबरने त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं: हिला लग्नाच्या वरातीत नाचवायचं नाही. नाचायला शिकवताना जनावराचे काय हाल करतात ते त्याने पाहिलेलं होतं. पुढं सरदारजीचा फोन लागेनासा झाला. घोडी जिवंत आहे की मेली, सुखात आहे की बँडबाजापुढं पाय आपटते आहे, काही कळायला मार्ग उरला नाही. रिवाजाप्रमाणे विकणाऱ्याने जनावर द्यायचं पण तोंडावर बांधायची दोरी, मोरकी, आपल्याकडे ठेवायची. तशी चांदणीची मोरकी ओसरीच्या खुंटीला टांगलेली होती. येता-जाता पितांबरचा हात तिच्यावरून फिरायचा, आणि घरातले सगळे ते न बघितल्यासारखं करायचे.

"ती मालिका माले देखाडा," तो म्हणाला. "सांगू नका कोणी. देखाडा."

नूतनने पाठवलेल्या नावाने हेमकांतने मालिका शोधली, आधी मोबाइलवर लावली. पितांबरने मोबाइल नाकाला लावला आणि थोड्या वेळाने मांडीवर ठेवला. डोळ्यांतल्या डागामागं अख्खा घोडा झाकला जात होता. संगणकाच्या जुन्या छोट्या मॉनिटरवर लावली, तरी तेच. घरचा टीव्ही जुना आणि भिंतीवर उंच, त्याच्याशी नाक कसं लावणार? हेमकांतने विचार केला की चित्र डागापेक्षा मोठं केलं म्हणजे डागाबाहेर काहीतरी उरेल. मग छगनला फोन गेला, आणि पडदा आला.

रविवारी दुपारी खुर्ची मांडली. पितांबर अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसला. प्रतिभा पदराला हात पुसत मागं उभी राहिली. हेमकांतने आधी नूतनच्या लग्नाची चित्रफीत लावून बघितली. मंडप, वऱ्हाड, सगळं लखलखीत. पितांबर पुढं वाकून कडेकडेने माणसं ओळखू लागला.

"हाई आपला भीमसिंग शे ना, धडगावना? पगडीवरथून वळखना मी."

हेमकांतची छाती फुगली. "आते घोडी देखा, भाऊ," असं म्हणून त्याने मालिका लावली.

आवाज सुरू झाला. वारा, पाखरं, कुणाचं तरी बोलणं, मग सारंगी. पडदा मात्र काळा कुळकुळीत. हेमकांतला वाटलं, येईल. प्रतिभाला वाटलं, सुरुवातच अशी असेल. टापांचा आवाज आला. पडदा काळाच.

पितांबरने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "हेमू, मन्हा डोया गयात का रे?"

हेमकांतने आयुष्यात इतकी यंत्रं बिघडवली, पण असं कधी झालं नव्हतं. तो भावाच्या खांद्याला धरून जवळजवळ ओरडलाच, "नही, भाऊ! आम्हले बी काहीच दिसत नही! पडदाच काया शे!"

पितांबर उठला. चाचपडत ओसरीवर गेला आणि तिथंच बसून राहिला. हेमकांत मागोमाग गेला, तर तो म्हणाला, "आतेच लगीन दिसनं माले. त्याच पडदावर दिसनं. आनि घोडी उनी तवय काया व्हयना? तू मन्हं मन राखाकरता सांगस. आते त्या खुर्चीवर माले बसाडू नको."

आता झाली पंचाईत. हेमकांतने परत आत येऊन बघितलं, तर लग्न दिसत होतं, केळी दिसत होत्या, घोडी तेवढी दिसत नव्हती. भावाचा संशय खोटा ठरवायला त्याच्याकडे काही नव्हतं. 'पडदा बिघडला' म्हणावं तर पडदा ठणठणीत.

"नवा टीव्ही ली या नंदुरबारथून," प्रतिभा म्हणाली. "भाऊस्ले घोडी देखानी शे, तुमनं यंत्र नही."

"टीव्हीबी आनसू. पन भाऊ त्याना समोर बठाले पायजे ना? त्यास्ले डोया गया वाटतस. काब्र काया व्हयना हाई समजाडाशिवाय ते बठाव नहीत."

हे खरं होतं. आणि तितकंच हेही खरं होतं की 'का' या शब्दाने हेमकांतला आता सोडलं नसतं. कारण कळल्याशिवाय त्याला भाकर गोड लागत नसे.

त्याने केबल बदलून बघितली, काही नाही. छोटा मॉनिटर जोडला, तर त्याच संगणकावर, त्याच इंटरनेटवर घोडी दिमाखात चालत आली. मोठा जोडला, घोडी गुप्त. नंदुरबारच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, नवं घ्या. मग मॉनिटरच्या मागच्या जोडणीचा फोटो बघून म्हणाला, नवंही घेऊ नका, नव्या कार्डाला ही जुनी जोडणीच नसते. थोडक्यात, इथून तिथून रस्ता बंद.

मग हेमकांत वाचत बसला. इंग्रजी त्याचं शेतीच्या औषधांच्या बाटल्यांवरून शिकलेलं, त्यामुळे शब्द अडायचे आणि अर्थ सापडायचा. जगभरात कुठं कुठं, कधीकाळी, असेच मोठे पडदे घेऊन बसलेले आणि काळ्या चौकटीकडे बघत डोकं धरलेले लोक त्याला सापडले. त्यांची रडगाणी वाचून त्याला फार बरं वाटलं. आपण एकटे नाही म्हटल्यावर माणसाला निम्मं उत्तर मिळाल्यासारखं वाटतंच.

हळूहळू गोष्ट उलगडली. मालिका करणाऱ्यांना भीती, की संगणकातून पडद्याकडे जाणारं चित्र कुणी मधूनच उतरवून घेईल. म्हणून कार्ड आधी पडद्याची ओळख पटवून घेतं. ओळख पटली की चित्राला कुलूप लावून पाठवतं, आणि ते कुलूप पडदा आपल्याकडच्या किल्लीने उघडतो. घरच्या लग्नाला कसलं कुलूप? म्हणून लग्न दिसलं. आवाजालाही हे बंधन नव्हतं. पण कुलूप लावायच्या चित्रात घोळ झाला.

घोळ का झाला? तिथंच हेमकांत अडला. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा वाचत होता. या पडद्याचे ठिपके इतके बारीक आणि इतके जास्त, की केबलमधल्या एका वाटेने ते मावत नाहीत. म्हणून त्याच केबलमधून दोन वाटांनी चित्र जातं. पुढं काय? पुढं कुलूप. मग?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत ठिबकचा फिल्टर धुवायला गेला. विहिरीवरून येणाऱ्या पाण्याच्या पुढं दोन नळ्या होतात, आणि जुन्या बागेत फिल्टर एकाच नळीला बसवलेला. दुसऱ्या नळीला फिल्टर नाही म्हणून ती बंदच ठेवायची, नाहीतर गाळ जाऊन थेंब बंद. ती नळी पितांबरने स्वतःच्या हाताने गाडलेली होती, डोळे चांगले होते तेव्हा.

हेमकांतच्या हातातून फिल्टरची जाळी चिखलात पडली.

कार्डाकडे कुलूप एकाच वाटेचं! दोन वाटांनी चित्र सोडायचं तर एका वाटेला कुलूप नाही, आणि बिनकुलपाचं सोडायला परवानगी नाही. म्हणून कार्डाने सगळंच बंद केलं. मग एक वाट बंद केली तर? ठिपके कमी केले, उभे निम्मे आणि आडवे निम्मे, म्हणजे चित्र एका वाटेत मावेल. कुलूप बसेल. पडदा तेवढाच मोठा राहील, फक्त चित्र भरड होईल.

तो चिखलाच्या पायांनी घरात धावत आला, प्रतिभाच्या ओरडण्याकडे लक्ष न देता संगणकापुढं बसला आणि ठिपके कमी केले. पडद्यावरची अक्षरं भाकरीएवढी झाली. मालिका लावली.

घोडी आली. सबंध पडदाभर घोडी आली.

हेमकांतने टाळी वाजवली, आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. त्याने नाक लावून घोडीच्या कपाळाकडे बघितलं. पांढरा ठिपका होता, पण भरड, कडा फुटलेला. चांदणीच्या त्या ठिपक्यात दोन भोवरे होते, शेजारी शेजारी. घोडी ओळखायची ती त्या भोवऱ्यांवरून. आणि भोवरा दिसायला बारीक चित्र हवं. बारीक करावं तर पडदा काळा, भरड करावं तर भोवरा गायब. एवढा खटाटोप करून हाती काय, तर कपाळावर चुन्याचा डाग. त्याला स्वतःचाच राग आला.

तरी तो ओसरीवर गेला. पितांबर खुंटीवरची मोरकी काढून मांडीवर घेऊन बसला होता.

"भाऊ, आपला जुना बागमा फिल्टर कितल्या नळीले शे?"

"एक नळीले. काब्र?"

"दुसरी नळी आपन काब्र बंद ठेवतस?"

"गाळ जास ना, येडा. तुले माहीत नही का?"

मग हेमकांतने दोन वाटा, एक कुलूप, सगळं सांगितलं. पितांबर मान कलती करून ऐकत होता. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले आणि तेही नेमके. लग्नाला कुलूप का नाही, हे त्याने दोनदा विचारून घेतलं. सगळं ऐकून झाल्यावर त्याचा श्वास सुटला.

"म्हंजे डोया गया नव्हतात."

"नही, भाऊ. कार्डनी पानी बंद करं व्हतं."

पितांबर हसला. किती दिवसांनी हसला. हेमकांतचे डोळे भरून आले, पण त्याने खरं सांगून टाकलं, "पन भोवरा दिसाव नही. चित्र भरड शे."

"भोवरा माले तशाबी कोठे दिसस?" पितांबर उठला. "चल."

प्रतिभाने नूतनला फोन लावून टेबलावर ठेवला, तिलाही ऐकायचं होतं. मालिका सुरू झाली. तबेल्याचं अंगण, मधोमध एक माणूस काळ्या घोडीला दोरीवर गोल फिरवतो आहे, घोडीची मान कमानीसारखी. पितांबर मोरकी मांडीवर घेऊन पडद्यापासून वीतभर अंतरावर बसला होता. तोंड पडद्याकडे आणि मान जरा वळवलेली, हेमकांतला त्याची ही सवय माहीत होती. समोर बघायचं असलं की तो बाजूला बघायचा.

घोडीची एक फेरी झाली, दुसरी झाली.

"हाई चांदणी नही," पितांबर म्हणाला.

फोनमधून नूतन म्हणाली, "बाबा, नीट देखा ना. ठिपका देखा."

"ठिपका राहू दे. चांदणी मागला पाय वढीसन टाके. हाई उचलीसन टाकस. नी कितली तरणी शे, नूतन! चांदणी आते म्हतारी व्हयनी व्हई. वय कोनी मोजं नही का?"

खरंच कुणी मोजलं नव्हतं. सगळे ठिपक्यामागे लागले होते, आणि हेमकांत तर भोवऱ्यामागे. इतक्या वर्षांनी घोडी तशीच कशी राहील, हा साधा हिशेब एकाच्याही डोक्यात आला नाही. हेमकांतने बंद करायला हात पुढं केला. भावाला उगाच आशेला लावलं, असं त्याला वाटत होतं.

"थांब!" पितांबरने त्याचं मनगट पकडलं. "मांगे ली. हाई घोडी इकडे येस ना, तठे. मांगे झाडखाले कोन उभं शे?"

"कोठे?"

"कडले! उजवी कडले, वर!"

हेमकांतने चित्र मागं नेलं. काळी घोडी पुन्हा ऐटीत फिरू लागली. त्याने पहिल्यांदाच तिच्यावरची नजर काढून पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं झाडाखाली, एका गव्हाणीपाशी, एक म्हातारी घोडी उभी होती. रंग विटलेला, पाठ खोल गेलेली, पोट भरलेलं. पाय मोकळे होते आणि अंगावर झूल नव्हती. ती चारा खात होती. कपाळ आहे की नाही तेही धड कळत नव्हतं.

"ती म्हतारी?" प्रतिभा म्हणाली. "तिनं तं तोंडबी दिसत नही, भाऊ."

"खावानं देख तिनं. खास कशी ते देख."

तिघंही बघत राहिले. म्हाताऱ्या घोडीने गव्हाणीत तोंड घातलं. खाल्लं नाही. नाकाने थोडा चारा डावीकडे ढकलला. पुन्हा ढकलला. मग मान उजवीकडे नेऊन सावकाश खायला लागली.

हेमकांत विसरला होता, पण आता अख्खा गोठा त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. चांदणीच्या डाव्या हाताला एक लंगडी कालवड बांधलेली असायची. तिचं तोंड गव्हाणीच्या मध्यापर्यंत पोचायचं नाही. चांदणी आधी तिचा वाटा नाकाने तिच्याकडे सरकवायची आणि मगच आपण खायची. कुणी शिकवलं नव्हतं. गावातली माणसं ते बघायला मुद्दाम यायची.

"बाबा?" नूतनचा आवाज फुटला. "मी तीन येळ देखी ती मालिका. माले ती दिसनीच नही, बाबा."

पितांबर हात लांब करून पडद्याच्या त्या कोपऱ्याला लावत होता, आणि चित्र पुढं सरकून गेलं तरी त्याचा हात तिथंच होता. "जिती शे," तो म्हणाला. "मोकळी शे. नाचाडं नही तिले. सरदारजीनी शबद पाळा." मग मधल्या तरण्या घोडीची त्याला आठवण झाली. "नी हाई तिनी लेक व्हई. पोटमा व्हती ना तवय."

हेमकांतने न सांगता चित्र पुन्हा मागं नेलं. गव्हाणीपाशी आणून थांबवलं.

पितांबर बराच वेळ मान कलती करून बघत होता. मग त्याने विचारलं, "हेमू, तुन्हा डोया चांगला शेतस. देखीसन सांग. तिना डाव्या बाजूले कोन बांधेल शे?"

हेमकांत पडद्यापाशी वाकला. चित्र भरड होतं, तरी तेवढं कळत होतं. गव्हाण, झाडाची सावली, मोकळी जमीन.

"कोनीच नही, भाऊ."

"तरीबी ढकलस," पितांबर म्हणाला, आणि मांडीवरची मोरकी दोन्ही हातांनी तोंडावर धरून लहान पोरासारखा रडू लागला.